यावीनचा आडोसा : काल्पनिक ग्रहमालांतील लढायांचा आढावा

जॉर्ज लुकास यांचा ‘स्टार वॉर्स’ २५ मे १९७७ रोजी अमेरिकेत प्रदर्शित झाला. त्याच्या शेवटी जी लढाई होते, तिचे ठिकाण पूर्णपणे काल्पनिक आहे. यावीन हा आपल्या गुरूसारखा, वायूंनी बनलेला प्रचंड ग्रह. त्याच्याभोवती फिरणारा यावीन-४ हा जंगलांनी झाकलेला चंद्र. त्या चंद्रावरच्या पुरातन देवळांत बंडखोरांचा तळ. साम्राज्याचा डेथ स्टार, म्हणजे लहानशा चंद्राएवढा फिरता किल्ला, हा तळ चंद्रासकट नष्ट करायला येतो. पण तो येतो तेव्हा यावीन मध्ये आडवा असतो. ग्रहाला वळसा घालून चंद्र माऱ्याच्या टप्प्यात यायला ३० मिनिटे लागणार असतात. तेवढ्या अवधीत तीसेक लहान लढाऊ याने त्या किल्ल्यावर तुटून पडतात आणि ल्यूक स्कायवॉकर हा तरुण वैमानिक जेमतेम दोन मीटर रुंदीच्या झरोक्यातून टॉर्पेडो आत सोडून तो उडवतो.

या लढाईची चर्चा होते ती बहुतेक वेळा शस्त्रांची, यानांची किंवा त्या दोन मीटरच्या झरोक्याची. इतक्या मोठ्या किल्ल्यात असे मर्मस्थान राहिलेच कसे, हा प्रश्न इतक्या वेळा विचारला गेला की २०१६ मध्ये ‘रोग वन’ या चित्रपटाने त्याचे उत्तर कथेतच दिले : किल्ल्याच्या अभियंत्याने, गॅलन अर्सोने, ते जाणूनबुजून ठेवले होते. मला मात्र या लढाईतली सर्वांत मोलाची गोष्ट तो आडवा आलेला ग्रह वाटते. यावीन नसता तर ती ३० मिनिटे मिळाली नसती, आणि ३० मिनिटे मिळाली नसती तर लढाईच झाली नसती.

पावनखिंडीची लढाई खिंड वगळून सांगता येत नाही. खिंड अरुंद होती म्हणून मूठभरांनी मोठी फौज थोपवून धरली. रणभूमी लढाईत अशी सामील होते, तेव्हाच ती लढाई त्या जागेची होते. काल्पनिक ग्रहमालांतल्या लढायांकडेही याच नजरेने पाहायला हवे असे मला वाटते. तिथला तारा, ग्रह, अंतरे, गुरुत्वाकर्षण आणि निर्वात पोकळी लढाईचा निकाल ठरवतात का? की एखादी जुनी विमानांची किंवा जहाजांची लढाई उचलून ताऱ्यांच्या पडद्यासमोर मांडलेली असते? गेल्या काही दशकांतल्या प्रमुख अवकाशयुद्धांचा आढावा मी या प्रश्नाच्या आधारे घेणार आहे.

तीस मिनिटांचा हिशेब

आधी यावीनचेच गणित करून पाहू. यावीन काल्पनिक आहे, पण गुरू खरा आहे आणि त्याचे आकडे ठाऊक आहेत. गुरूचा विषुववृत्तीय व्यास सुमारे १ लाख ४३ हजार किलोमीटर. त्याच्या ढगांना अगदी लागून एखादी वस्तू फिरत ठेवली, तर तिला एका फेरीला जवळपास तीन तास लागतील आणि तिचा वेग सेकंदाला ४२ किलोमीटरच्या आसपास असेल. म्हणजे इंजिन न वापरता, नुसत्या गुरुत्वाकर्षणाच्या बळावर, ३० मिनिटांत ती ग्रहाभोवतीच्या वर्तुळाचा सहावा भाग ओलांडेल. डेथ स्टार थोडा आडोशाला आला असेल, तर चित्रपटातली ३० मिनिटे गुरूएवढ्या ग्रहाच्या बाबतीत अगदी वाजवी ठरतात.

पटकथा लिहिताना हे गणित कोणी केले होते असा माझा दावा नाही. पण कक्षेत फिरणारी वस्तू ग्रहामागून बाहेर येण्याची वेळ आधी सांगता येते, ही खगोलशास्त्रातली साधी वस्तुस्थिती आहे, आणि चित्रपटाने तिचा घड्याळासारखा उपयोग केला. प्रेक्षकाला कक्षेची व्याख्या ठाऊक नसली तरी ग्रहाची कड सरकत जाते आणि चंद्र दिसू लागतो, एवढे त्याला पुरते.

विमानांची परंपरा

या एका गोष्टीपलीकडे यावीनची लढाई अवकाशातली कमी आणि आकाशातली जास्त आहे. लुकास यांनी दुसऱ्या महायुद्धातल्या हवाई लढायांच्या चित्रफिती जोडून एक नमुना तयार केला होता आणि विशेष दृश्यांचे काम करणाऱ्यांपुढे तोच ठेवला. किल्ल्याच्या पृष्ठभागावरच्या चरातून होणाऱ्या हल्ल्यावर ‘द डॅम बस्टर्स’ (१९५५) आणि ‘६३३ स्क्वॉड्रन’ (१९६४) या युद्धपटांची छाप उघड दिसते. ‘द डॅम बस्टर्स’ आधारलेला आहे मे १९४३ मध्ये ब्रिटिश वैमानिकांनी जर्मनीतल्या धरणांवर केलेल्या हल्ल्यावर. पाण्यावरून अगदी खालून उडत, ठरलेल्या उंचीवरून आणि ठरलेल्या अंतरावरून बॉम्ब सोडायचा, अशी ती मोहीम होती. तीच अरुंद वाट, तसाच एकुलता एक नेम, तसेच रेडिओवरचे तुटक बोलणे यावीनमध्ये आले. ‘स्टार वॉर्स’चे छायाचित्रकार गिल्बर्ट टेलर यांनी ‘द डॅम बस्टर्स’च्या विशेष दृश्यांचेही छायाचित्रण केले होते.

म्हणूनच त्या पोकळीत यावीनची याने विमानांसारखी तिरकी होऊन वळतात. विमान वळताना कलते, कारण पंखावरचा हवेचा दाब त्याला आत ढकलतो. जिथे हवाच नाही तिथे कलण्याने काही साधत नाही. शत्रूची याने किंचाळत जातात, कारण ध्वनिसंयोजक बेन बर्ट यांनी हत्तीचा चीत्कार आणि ओल्या रस्त्यावरून जाणाऱ्या मोटारीचा आवाज एकत्र करून त्यांना तो आवाज दिला. पोकळीत आवाज पोहोचत नाही हे स्टॅन्ली कुब्रिक यांच्या ‘२००१ : अ स्पेस ओडिसी’ने १९६८ मध्येच दाखवले होते. लुकास यांनी दुसरी वाट समजून उमजून धरली.

ती वाट धरल्याबद्दल त्यांना दोष देणे मला न्याय्य वाटत नाही. प्रेक्षकाला विमानाची लढाई डोळ्यांनी वाचता येत होती. अवकाशातली लढाई वाचायची सवय १९७७ मध्ये कोणालाच नव्हती. शिवाय ती दृश्ये साकारताना कलेची एक नवी शाखाच जन्माला आली. जॉन डायक्स्ट्रा यांच्या गटाने संगणकाच्या आज्ञेवर हलणारा कॅमेरा बनवला. तीच हालचाल पुन्हा पुन्हा तंतोतंत करता येत असल्याने वेगवेगळ्या प्रतिकृतींचे चित्रण एकावर एक बसवता येऊ लागले. स्थिर प्रतिकृती उडताना दिसल्या त्या या कॅमेऱ्यामुळे. बंडखोरांचा तळही पूर्ण काल्पनिक नव्हता : जंगलातून वर डोकावणारी ती देवळे ग्वाटेमालातल्या टिकाल या माया संस्कृतीच्या नगरीची आहेत.

१९८३ च्या ‘रिटर्न ऑफ द जेडाय’मध्ये एंडॉरची लढाई आली. इथे रचना आणखी विचारपूर्वक आहे. दुसऱ्या डेथ स्टारचे संरक्षक कवच खाली एंडॉरच्या वनचंद्रावर बसवलेल्या यंत्रातून येते. खालची तुकडी ते यंत्र मोडत नाही तोवर वरच्या ताफ्याला काही करता येत नाही. चंद्र आणि अवकाश अशा दोन रणभूमी एकमेकींना बांधल्या आहेत, आणि जागेला काम देण्याच्या दृष्टीने हे यावीनच्या पुढचे पाऊल आहे.

पण लढाई संपल्यावर मात्र तीच जागा विसरली जाते. इतका प्रचंड किल्ला चंद्राच्या डोक्यावर फुटला, तर त्याचे तुकडे जातील कुठे? ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी पृथ्वीवर डायनोसॉरांचा अंत घडवणारा अशनी सुमारे दहा-पंधरा किलोमीटर व्यासाचा होता. डेथ स्टारचा थोडासा भाग जरी खाली कोसळला असता, तरी त्या वनात रात्री विजयाचा उत्सव साजरा करायला कोणी उरले नसते. रसिकांनी या मुद्द्यावर अनेक वर्षे वाद घातला आहे आणि मला तो वाद अगदी रास्त वाटतो. जी जागा लढाईचा निकाल ठरवते, तिला लढाईचा परिणामही भोगावा लागला पाहिजे.

नौदलाची परंपरा

दुसरी मोठी परंपरा समुद्राची आहे. अमेरिकेतल्या ‘स्टार ट्रेक’ मालिकेचा १५ डिसेंबर १९६६ रोजी दाखवलेला ‘बॅलन्स ऑफ टेरर’ हा भाग ‘द एनिमी बिलो’ (१९५७) या युद्धपटाच्या धर्तीवर रचला होता. त्या चित्रपटात अमेरिकी युद्धनौका आणि जर्मन पाणबुडी एकमेकींचा माग काढतात. मालिकेत पाणबुडीच्या जागी रोम्युलन या शत्रूंचे अदृश्य होऊ शकणारे यान आले. दोन्हीकडचे कप्तान एकमेकांना न पाहता ओळखू लागतात, हे त्या कथेचे बलस्थान आहे. मात्र एखाद्या ताऱ्याचा किंवा ग्रहाचा तिच्या निकालात फारसा हात नाही.

ती उणीव ‘स्टार ट्रेक’च्याच ‘द रॅथ ऑफ खान’ या चित्रपटाने (१९८२) भरून काढली. ‘एंटरप्राइज’ हे नायकांचे जखमी यान पाठलाग करणाऱ्या शत्रूला मुतारा नावाच्या तेजोमेघात ओढून नेते. तिथे दोघांचीही संवेदकयंत्रे आंधळी होतात, संरक्षक कवचे चालत नाहीत, आणि बलाढ्य व दुबळा एका पातळीवर येतात. मग यानावरच्या स्पॉक या अधिकाऱ्याच्या लक्षात येते की शत्रू हुशार असला तरी सपाट पृष्ठभागावर असल्यासारखा विचार करतो आहे. कप्तान कर्क यान खाली नेतो आणि शत्रूच्या पाठीमागे वर काढतो. खगोलशास्त्राच्या दृष्टीने हा मेघ चुकीचा आहे, कारण खरे तेजोमेघ इतके विरळ असतात की पृथ्वीवरच्या प्रयोगशाळेतली पोकळी त्यांच्यापेक्षा दाट भरते. त्यात यान लपवता येत नाही. पण अवकाशाला वर आणि खाली असते, इथे तिसरी मिती मोकळी आहे, ही जाणीव लढाईचा कणा झाली. एवढ्यासाठी मी या लढाईला वरचे स्थान देतो.

याच मालिकेच्या पुढच्या पिढीत वुल्फ ३५९ ची लढाई येते. बोर्ग या यंत्रमानवी जमातीचे एकच घनाकृती यान पृथ्वीकडे निघते. त्याला अडवायला गेलेल्या ताफ्यातली ३९ जहाजे नष्ट होतात आणि सुमारे ११,००० माणसे मरतात. सप्टेंबर १९९० मध्ये प्रथम दाखवलेल्या भागात ही लढाई दिसतच नाही. ‘एंटरप्राइज’ उशिरा पोहोचते आणि समोर फक्त तरंगणारे सांगाडे असतात. लढाई न दाखवता तिचे उरलेले अवशेष दाखवणे हा विलक्षण परिणामकारक निर्णय होता. प्रत्यक्ष लढाई प्रेक्षकांना १९९३ मध्ये दुसऱ्या मालिकेच्या आरंभी पाहायला मिळाली, पण त्या आधीच्या शांत दृश्याइतकी ती मनात राहत नाही.

वुल्फ ३५९ हा खरा तारा आहे. जर्मन खगोलशास्त्रज्ञ मॅक्स वुल्फ यांच्या यादीतला हा लाल बटू तारा सिंह राशीत, आपल्यापासून ७.९ प्रकाशवर्षांवर आहे. सूर्याच्या शेजारच्या पहिल्या काही ताऱ्यांत त्याची गणना होते, तरी त्याची दृश्यप्रत १३.५ असल्याने नुसत्या डोळ्यांना तो कधीच दिसत नाही. त्याचे तेज सूर्याच्या सुमारे एक हजारांश आहे आणि मधूनमधून त्यावर अचानक भडके उडतात. पृथ्वीला सूर्यापासून मिळते तेवढी ऊब तिथे हवी असेल, तर ताऱ्यापासून जेमतेम पन्नास लाख किलोमीटरवर जावे लागेल. अशा मंद, तांबूस प्रकाशात, भडक्यांच्या माऱ्यात होणारी लढाई किती वेगळी झाली असती! मालिकेने ताऱ्याचे नाव घेतले, त्याचा स्वभाव घेतला नाही. इतकी खरी जागा हाताशी असताना ती वापरायची राहून गेली याची मला आजही हळहळ वाटते.

नौदलाच्या परंपरेतले सर्वांत विचारी काम माझ्या मते जपानी आहे. योशिकी तानाका यांच्या ‘लिजंड ऑफ द गॅलॅक्टिक हीरोज’ या दहा खंडांच्या कादंबरीमालेत (१९८२ ते १९८७) साम्राज्य आणि लोकसत्ताक संघ यांच्यामध्ये जहाजांना ओलांडता न येणारा धोकादायक प्रदेश आहे आणि त्यातून जाण्याच्या दोनच वाटा आहेत. इझरलोनच्या वाटेवर साम्राज्याचा अभेद्य किल्ला आहे. फेझानची वाट व्यापाऱ्यांच्या तटस्थ राज्यातून जाते. सगळे राजकारण आणि सगळ्या मोहिमा या भूगोलातून निघतात. यांग वेन-ली हा संघाचा सेनापती इझरलोन तोफांनी न घेता शत्रूच्या वेशातली माणसे आत घुसवून घेतो. पुढे रायनहार्ड हा त्याचा प्रतिस्पर्धी किल्ल्यावर डोके आपटण्याऐवजी फेझानच्या वाटेने फौज नेतो. गड, घाट आणि खिंडी यांच्या गोष्टी ऐकत वाढलेल्या आपल्या वाचकाला ही मांडणी लगेच उमगेल.

अवकाश स्वतः काय सांगते

आता कथा बाजूला ठेवून भौतिकशास्त्राला विचारू, की अशी लढाई खरोखर झाली तर जागा कोणत्या अटी घालेल?

पहिली अट गतीची. अवकाशात इंजिन बंद केले तरी यान थांबत नाही. थांबण्यासाठी उलट दिशेने तेवढेच इंधन जाळावे लागते. ग्रहाच्या कक्षेत तर आपली नेहमीची समजही उलटी पडते. जून १९६५ मध्ये जेमिनी-४ च्या जेम्स मॅकडिव्हिट यांनी आपल्याच अग्निबाणाच्या रिकाम्या टप्प्याजवळ जाण्यासाठी यान सरळ त्याच्या दिशेने ढकलले आणि ते अधिकच दूर जात राहिले. कक्षेत वेग वाढवला की यान वर चढते आणि वरची फेरी जास्त वेळ घेते. म्हणून पुढच्याला गाठायचे तर आधी वेग कमी करून खाली उतरावे लागते. हे शिकल्यावर डिसेंबर १९६५ मध्ये जेमिनी-६ए आणि जेमिनी-७ यांची यशस्वी भेट झाली. पाठलाग करणाऱ्याने आधी मंद व्हायचे, यापेक्षा नाट्यमय डावपेच कोणत्या लेखकाला हवा?

दुसरी अट उष्णतेची. पोकळीत हवा नसल्याने उष्णता वाहून नेणारे काही नसते. ती फक्त प्रारणाने बाहेर टाकता येते. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावरची मोठी पांढरी पाने याच कामासाठी आहेत. इंजिने आणि शस्त्रे चालवणारे यान अवरक्त प्रकाशात थंड आकाशाच्या पार्श्वभूमीवर चमकत राहणार. म्हणून अंधारात दबा धरून बसणे अवकाशात फार अवघड आहे. आडोसा हवा तर यावीनसारखा ग्रहच हवा.

तिसरी अट अंतराची. प्रकाश सेकंदाला सुमारे ३ लाख किलोमीटर जातो. पृथ्वी आणि चंद्र एवढ्या अंतरावर सव्वा सेकंद, पृथ्वी ते सूर्य ८ मिनिटे २० सेकंद. म्हणजे समोरचा शत्रू दिसतो तो नेहमी भूतकाळातला. तेवढ्या वेळात त्याने थोडा जरी मार्ग बदलला, तर सोडलेला किरण पोकळीत जातो.

चौथी अट ऊर्जेची. डेथ स्टार अल्डेरान हा ग्रह एका माऱ्यात फोडतो. पृथ्वीएवढा ग्रह स्वतःच्या गुरुत्वाकर्षणातून सुटेल इतका विस्कळीत करायचा, तर सूर्य सात दिवसांत जेवढी ऊर्जा बाहेर टाकतो साधारण तेवढी एकाच वेळी ओतावी लागेल. ज्याच्याकडे इतकी ऊर्जा आहे, त्याला बंडखोरांचा तळ शोधत फिरण्याची गरजच काय, असा प्रश्न मग पडतो.

या अटींचा आदर करणारे लेखक

या अटी अडचणी मानून टाळणारे लेखक खूप आहेत. थोड्यांनी त्यांनाच कथेचा गाभा केले, आणि माझ्या मते या प्रकारातली टिकाऊ पुस्तके त्यांचीच आहेत.

जो हॉल्डमन स्वतः व्हिएतनाम युद्धात लढले होते. त्यांच्या ‘द फॉरेव्हर वॉर’ (१९७४) या कादंबरीत सैनिक प्रकाशाच्या वेगाजवळ जाऊन लढतात, त्यामुळे त्यांच्यासाठी काही महिने जातात तेव्हा पृथ्वीवर दशके आणि शतके उलटतात. नायक युद्ध संपवून परततो तेव्हा हजाराहून अधिक वर्षे लोटलेली असतात. समोरून येणारा शत्रू कदाचित आपल्यापुढच्या काळातली शस्त्रे घेऊन येईल, हेही त्याला ठाऊक असते. घरी परतलेल्या सैनिकाला समाज ओळखीचा वाटत नाही, ही व्हिएतनामनंतरची वेदना सापेक्षतावादाच्या सिद्धांतातून इतकी स्वाभाविकपणे येते की विज्ञान आणि अनुभव वेगळे काढता येत नाहीत.

‘बॅबिलॉन ५’ (१९९४ ते १९९८) या मालिकेतली स्टारफ्युरी ही लढाऊ याने पुढे जाताना जागच्या जागी उलटी फिरून मागच्यावर मारा करतात. पडद्यावर न्यूटनचा पहिला नियम इतक्या ठळकपणे क्वचितच दिसला असेल. ‘द एक्सपान्स’मध्ये (२०११ पासून कादंबऱ्या, २०१५ ते २०२२ मालिका) याने अर्ध्या वाटेत उलटी होऊन वेग कमी करतात. तीव्र त्वरणात माणसांची शरीरे चिरडू नयेत म्हणून त्यांना औषधे टोचावी लागतात. लढाई काही मिनिटांची असते, पण तिच्याआधीची वाट पाहणे काही दिवसांचे किंवा आठवड्यांचे असते. ही कथा बरीचशी आपल्याच सूर्यमालेत घडते, त्यामुळे मंगळ, लघुग्रहांचा पट्टा आणि गुरूचे चंद्र ही खरी ठिकाणे खरी अंतरे घेऊनच येतात.

चिनी लेखक लिऊ त्सशिन यांच्या ‘द डार्क फॉरेस्ट’मध्ये (२००८) अल्फा सेंटॉरीकडून आलेले, थेंबाच्या आकाराचे एक लहान यान मानवजातीच्या सुमारे दोन हजार युद्धनौकांचा चक्काचूर करते. पाहुण्याला दाखवण्यासाठी सगळी जहाजे शिस्तीत रांगा करून उभी असतात, आणि ती शिस्तच त्यांचा घात करते. या कादंबरीचे खरे मोठेपण तिच्या युद्धकारणात आहे. तारे एकमेकांपासून इतके दूर आहेत की समोरच्याचा हेतू वेळेत कळू शकत नाही, आणि तो कळत नाही म्हणून प्रत्येकजण आधी वार करतो. इथे अंतर हेच युद्धाचे मूळ झाले आहे. जागेला याहून मोठी भूमिका मी कुठे वाचलेली नाही.

मराठी विज्ञानकथेने बहुधा दुसरी वाट धरली. जयंत नारळीकर यांच्या ‘प्रेषित’ आणि ‘वामन परत न आला’ या कादंबऱ्यांत परग्रहाशी किंवा अपरिचित बुद्धीशी गाठ पडते, पण संकट येते ते तोफांमधून नव्हे, माहितीतून आणि यंत्राच्या बुद्धीतून. खगोलशास्त्रज्ञाने लिहिलेल्या कथांनी लढाई न मांडता विज्ञानाचे नाट्य उभे केले, हे आपल्या परंपरेचे खरे सामर्थ्य आहे. तरी कक्षा, उष्णता आणि अंतर यांच्यावर उभी असलेली एखादी अस्सल अवकाशलढाई मराठीत लिहिली जावी, असे मनापासून वाटते.

कल्पनेला गाठणारे आकाश

१९७७ मध्ये सूर्याव्यतिरिक्त कोणत्याही ताऱ्याभोवती ग्रह असल्याचा पुरावा नव्हता. यावीनसारखा ग्रह तेव्हा निव्वळ कल्पना होती. १९९५ मध्ये मिशेल मेयर आणि दिदिए केलोझ यांना ५१ पेगासी या सूर्यासारख्या ताऱ्याभोवती गुरूच्या वर्गातला ग्रह सापडला. त्यासाठी त्यांना २०१९ चे नोबेल पारितोषिक मिळाले. २०११ मध्ये केपलर-१६ या जोडताऱ्याभोवती फिरणारा ग्रह सापडला, तेव्हा ‘स्टार वॉर्स’मधल्या दोन सूर्यांच्या टॅटूइन ग्रहाची आठवण सर्वांना झाली. आज अशा सहा हजारांहून अधिक ग्रहांची नोंद आहे. यावीन-४ सारखा परक्या ग्रहाचा चंद्र मात्र अजून निर्विवादपणे सिद्ध झालेला नाही. आजच्या लेखकाला ग्रहमाला शून्यातून रचायची गरज उरलेली नाही. खऱ्या ताऱ्याचे वय, तेज, भडके आणि ग्रहांची अंतरे घेऊन तो लढाई उभी करू शकतो.

खऱ्या आकाशातली लढाई

काल्पनिक अवकाशयुद्धे खऱ्या जगाशीही बोलत आली आहेत. ९ जुलै १९६२ रोजी अमेरिकेने पॅसिफिकवर सुमारे ४०० किलोमीटर उंचीवर १.४ मेगाटनचा अणुस्फोट केला. सुमारे १,४०० किलोमीटर दूरच्या हवाई बेटांवर रस्त्यांवरचे दिवे गेले आणि स्फोटातून निर्माण झालेल्या प्रारणाने पुढे कित्येक उपग्रह निकामी केले. पोकळीतल्या स्फोटाची हानी ज्वाळांपेक्षा प्रारणातून किती दूर पोहोचते, हे तेव्हा जगाने पाहिले. १९६७ च्या अवकाश कराराने कक्षेत अण्वस्त्रे आणि इतर महासंहारक शस्त्रे ठेवण्यास बंदी घातली. पारंपरिक शस्त्रांना घातली नाही. १९७४ मध्ये सोडलेल्या सोव्हिएत सल्यूत-३ या स्थानकावर तर तोफ बसवलेली होती. २३ मार्च १९८३ रोजी अध्यक्ष रोनाल्ड रीगन यांनी अवकाशातूनही क्षेपणास्त्रे पाडण्याची योजना जाहीर केली आणि तिच्या विरोधकांनी तिला ‘स्टार वॉर्स’ हेच नाव दिले. एंडॉरची लढाई त्यानंतर दोनच महिन्यांनी पडद्यावर आली.

या आढाव्याचा निष्कर्ष माझ्या दृष्टीने इथेच येतो. चित्रपटांनी आपल्याला शिकवले की किल्ला फुटला की लढाई संपते. अवकाशाचा नियम तसा नाही. कक्षेत फुटलेल्या वस्तूचे तुकडे सेकंदाला सात-आठ किलोमीटर वेगाने फिरत राहतात आणि शत्रू-मित्र असा भेद करत नाहीत. एका तुकड्याने दुसरी वस्तू फुटावी, तिच्या तुकड्यांनी तिसरी, अशी साखळी सुरू होऊ शकते, हे डोनाल्ड केसलर आणि बर्टन कूर-पॅले यांनी १९७८ मध्येच, म्हणजे यावीनच्या लढाईनंतर एका वर्षात, मांडले होते. मार्च २०१९ मध्ये भारताने ‘मिशन शक्ती’त उपग्रह पाडला तो सुमारे ३०० किलोमीटरवर, तिथे विरळ का होईना वातावरण असल्याने बहुतेक तुकडे काही महिन्यांत खाली येऊन जळाले. नोव्हेंबर २०२१ मध्ये रशियाने स्वतःचा उपग्रह फोडला, तेव्हा अवकाश स्थानकातल्या सर्वांना, त्यांत रशियाचेही अंतराळवीर होते, आपापल्या परतीच्या यानांत आसरा घ्यावा लागला.

अवकाशात जागा नेहमीच लढते, आणि गोळीबार थांबल्यावरही लढत राहते. ज्या कथा हे विसरत नाहीत त्याच मला चांगल्या वाटतात. राज्यकर्त्यांनीही हे विसरू नये, म्हणून या विषयाचा विचार गांभीर्याने व्हायला हवा. ११ जानेवारी २००७ रोजी चीनने आपला एक जुना हवामान उपग्रह ८६५ किलोमीटर उंचीवर क्षेपणास्त्राने फोडला. त्याचे माग काढता येण्याजोगे तीन हजारांहून अधिक तुकडे झाले. त्यांतले अनेक आजही पृथ्वीभोवती फिरत आहेत.